धुकं उतरण्याआधी ठरवा

प्रति,
पावसाळ्यात सह्याद्रीत धावण्याच्या स्पर्धा भरवणाऱ्या सर्व संस्था,
तसेच पुणे वनविभाग, जिल्हा प्रशासन आणि पर्यटन संचालनालय यांस



मे महिना संपत आला की कोथरूडमधल्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर पावसाळी स्पर्धांची पत्रकं फिरू लागतात. चित्रं बहुतेक सारखीच असतात: हिरवागार उतार, ढगात अर्धा बुडालेला कडा, चिखलाने माखलेले बूट, हसरे चेहरे. खाली अंतर, चढाई, शुल्क, टी-शर्टचं माप, पदक, नाश्ता आणि नोंदणीची शेवटची तारीख. मी ही पत्रकं मन लावून वाचते, कारण मलाही त्या ढगात धावायचं असतं. पण एक मजकूर मला त्यांत सापडत नाही. ढग खाली उतरले, पुढची वाट दिसेनाशी झाली, पाऊस वाढला, तर ही शर्यत कोण थांबवणार? कशावरून ठरवणार? आणि थांबवली तर आम्ही भरलेल्या पैशांचं काय?

या तीन प्रश्नांची उत्तरं नोंदणी उघडण्याच्या दिवशीच लिहून जाहीर करा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. बाकी जे लिहीन ते या मागणीची कारणं आहेत.

पावसाळी स्पर्धांवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. आषाढातल्या पावसात डोंगर चढताना जे मिळतं ते मला दुसऱ्या कुठल्याही ऋतूत, कुठल्याही डांबरी रस्त्यावर मिळालेलं नाही. कोथरूडला राहण्याचं भाग्य असं की घरातून निघून थोड्याच वेळात टेकडीच्या पायथ्याशी पोचता येतं. म्हातोबा टेकडी असो की वेताळ टेकडी, पहाटे तिथे चढणाऱ्यांत सत्तरीचे आजोबा असतात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं असतात आणि आमच्यासारखे पुढच्या शर्यतीवर डोळा ठेवून चढ-उतार मोजणारेही असतात. या टेकड्यांनी आम्हाला दम दिला, पोटऱ्या दिल्या, चढावर श्वास कसा राखायचा ते शिकवलं.

एक गोष्ट मात्र टेकडी शिकवत नाही, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. वेताळ टेकडी हे पुणे शहरातल्या उंच ठिकाणांपैकी एक, तरी तिथे माणूस हरवत नाही. पावसाची झड आली, काही दिसेनासं झालं, तरी खाणीची बाजू टाळून कुठल्याही दिशेने उतरत राहिलं की थोड्या वेळात पौड रस्ता लागतो, नाहीतर पाषाण, पंचवटी, गोखलेनगर, लॉ कॉलेज रस्ता. कुठेतरी रिक्षा मिळते, चहाची टपरी मिळते. चूक केली तर फार तर घरी पोचायला उशीर होतो. रोज टेकडीवर सराव करणारा धावपटू सिंहगडाच्या किंवा राजगडाच्या धारेवर जातो तेव्हा त्याच्याकडे ताकद भरपूर असते, पण चुकीची वाट किती महाग पडते याचा अनुभव त्याच्या अंगात नसतो. तुमच्या स्पर्धेत नाव नोंदवणाऱ्यांत बहुसंख्य असेच असतात, शहरातल्या टेकड्यांवर आणि जिममध्ये तयार झालेले. तुमच्या योजना त्यांच्यासाठी असायला हव्यात.

सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. पुणे साधारण ५६० मीटरवर. म्हणजे कोथरूडहून वारजे, खडकवासला, डोणजे करत गडावर पोचलेला माणूस पुण्याच्या जवळपास पाऊण किलोमीटर वर गेलेला असतो. एवढ्या उंचीने हवा चार-पाच अंशांनी गार होते. जुलैत पुण्यात घामेजलेली सकाळ असली तरी गडावर ढगात उभं राहिलं की वारा अंगाला बोचतो. कपडे भिजलेले असतात, आणि ओलं कापड अंगातली ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. चढताना हे कळत नाही, कारण स्नायू उष्णता तयार करत असतात. कळतं ते थांबल्यावर: पाय मुरगळला, पेटका आला, वाट चुकली, किंवा अरुंद पायरीवर पुढे रांग लागली की. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की वैद्यकीय आणीबाणी सुरू होते, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. पाऊस, वारा आणि थकवा एवढं पुरतं. आधी हुडहुडी, मग बोटं काम करेनाशी होतात, बोलणं जड होतं, आणि मग सर्वांत वाईट म्हणजे विचार मंदावतो. ज्या माणसाने थांबायचा निर्णय घ्यायला हवा, त्याचीच निर्णय घेण्याची शक्ती जाते. ‘ज्याला त्रास होईल तो स्वतः थांबेल’ ही तुमच्या नियमावलीतली ओळ म्हणूनच पुरेशी नाही.

एका पावसाळी स्पर्धेत मी स्वयंसेवक म्हणून वरच्या थांब्यावर होते. ढग इतका दाट होता की धावपटू दिसण्याआधी त्याच्या बुटांचा चपचप आवाज यायचा. एक तरुण आला, अंगात सुती टी-शर्ट. जाकीट होतं, पण ते कमरेच्या पिशवीत, आणि पिशवीची चेन त्याला उघडता येईना. ‘मी ठीक आहे’ असं तो तीनदा म्हणाला, तिन्ही वेळा जीभ अडखळत. आम्ही त्याला बसवलं, कोरडं पांघरूण दिलं, गरम पाणी पाजलं. त्याला थांबवायचा अधिकार मला आहे की नाही, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. क्रमांक टिपायला दिलेला कागद तोवर भिजून लगदा झाला होता, त्यामुळे आमच्यासमोरून किती जण पुढे गेले हे खात्रीने सांगता येत नव्हतं. त्या दिवशी सगळे सुखरूप उतरले. पण सगळे सुखरूप आहेत हे आयोजकांना कळायला किती वेळ लागला, ते मी पाहिलं आहे.

दिसण्याचा प्रश्न थंडीहून वेगळा आहे आणि त्यावर कमी बोललं जातं. डोंगरी शर्यतीचा मार्ग झाडाझुडपांना बांधलेल्या फितींवर चालतो. स्वच्छ हवेत शंभर मीटरवरची फीत सहज दिसते. ढगात वीस-तीस मीटरवर सगळं पांढरं. फीत दिसत नसेल तर धावपटू पायाखालची मळलेली वाट धरतो, आणि सह्याद्रीत मळलेली प्रत्येक वाट माणसांची नसते. कारवीतून, पठारावरून ढोरवाटा जातात, त्या पाऊलवाटेइतक्याच ठळक असतात आणि मध्येच कुठेतरी विरून जातात. धारेवरून उतरताना सोंड चुकली तर माणूस भलत्याच खोऱ्यात उतरतो, आणि चुकलं हे कळेपर्यंत इतका खाली गेलेला असतो की परत चढायची ताकद उरत नाही. त्यात कातळावर शेवाळ. पहाटेच्या अंधारात शर्यत सुरू केली तर आणखी एक अडचण: कपाळावरच्या विजेरीचा उजेड ढगातल्या थेंबांवरून उलटा डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. ती विजेरी हातात, कमरेच्या उंचीवर धरली तर वाट जरा बरी दिसते. एवढी साधी गोष्ट शर्यतीआधीच्या सूचनांत मी कधी ऐकलेली नाही.

एका फितीपाशी उभं राहिल्यावर पुढची फीत दिसते का, ही कसोटी यंत्राशिवाय, खर्चाशिवाय कोणालाही करता येते. मार्गावरच्या उघड्या, धोक्याच्या टप्प्यांत ती पहाटे करायची. दिसत नसेल तर त्या टप्प्यात फिती दुप्पट जवळ बांधायच्या किंवा माणूस उभा करायचा. दोन्ही जमत नसेल तर तो टप्पा त्या दिवशी शर्यतीत ठेवायचा नाही.

आता दरडींकडे येते. २०२२ च्या जुलैच्या अखेरीस सिंहगडावर दरड कोसळली आणि तिथे त्या वेळी चालू असलेल्या डोंगरी स्पर्धेतल्या एका तरुणाचा जीव गेला. त्या घटनेचा दोष मी कोणावर ठेवत नाही, तो माझा अधिकार नाही. त्या घरावर काय कोसळलं असेल याचा विचार मनात आला की आजही लिहिणं थांबतं. पण त्यानंतर पुण्याच्या धावपटूंमध्ये जे बोललं गेलं त्यातलं एक वाक्य मला मान्य नाही. ‘दरड काय, कुठेही, कधीही पडते.’ कोणता दगड कुठल्या क्षणी सुटेल हे सांगता येत नाही हे खरं. पण कुठल्या दिवसांत सुटण्याची शक्यता जास्त, हे सांगता येतं. सलग काही दिवस जोराचा पाऊस पडून बेसाल्टवरचा मातीचा थर पाणी पिऊन जड झाला की उतार सैल होतात. पाऊस उघडल्यावरही हा धोका लगेच ओसरत नाही, म्हणून शर्यतीच्या सकाळी ऊन पडलं यावर काही ठरत नाही. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला गाडलं गेलं. खालापूरची इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. जुलैचा उत्तरार्ध सह्याद्रीत कसा असतो हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे, आणि आपल्या स्पर्धांचं वेळापत्रक नेमकं याच काळात दाटीने भरलेलं असतं.

शहरातला पाऊस पाहून घाटातल्या पावसाचा अंदाज बांधता येत नाही. २५ जुलै २०२४ हा दिवस सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या लोकांच्या लक्षात आहे, घरांत पाणी शिरलं होतं. त्या सकाळी संपलेल्या २४ तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात लवासाला ४५० मिलिमीटरच्या वर. कोथरूडमधून पौड रस्ता धरून पिरंगुटच्या पुढे गेलं की लवासा, इतकं ते जवळ. हवामान विभाग एका दिवसात २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पावसाला सर्वांत वरच्या श्रेणीत धरतो, म्हणजे लवासाला त्या दिवशी त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस झाला. म्हणूनच हवामान विभाग आता पुण्याच्या घाट परिसरासाठी वेगळा इशारा देतो. हा इशारा देणारं कार्यालय आपल्याच शहरात, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात आहे. विजांची सूचना देणारं ‘दामिनी’ हे अॅप ज्या संस्थेने तयार केलं ती पाषाणला, टेकडीच्या पलीकडे. देशातल्या फार थोड्या शहरांतल्या आयोजकांना हवामानाची माहिती इतक्या हाताशी असेल. घाट परिसराला लाल इशारा असेल तर डोंगरी वाटेवरची शर्यत होणार नाही, नारिंगी असेल तर ठरवून ठेवलेल्या खालच्या मार्गावर होईल, ढगांचा गडगडाट सुरू झाला तर धार आणि माथा तात्काळ रिकामा होईल, ओढ्याचं पाणी ठरलेल्या खुणेवर गेलं तर तिथूनच परत फिरायचं. ही वाक्यं लिहायला एक पान पुरतं.

हे आधी का लिहून ठेवायचं, याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. शर्यतीच्या पहाटे पाच वाजता आयोजकाची अवस्था काय असते ते मी जवळून पाहिलं आहे. शेकडो लोक मुंबई, नाशिक, कोल्हापूरहून येऊन उभे असतात. पदकं घडवून झालेली, नाश्ता शिजलेला, प्रायोजकाचे फलक लागलेले. ध्वनिक्षेपकावर उलटी मोजणी सुरू व्हायची वेळ आलेली. अशा क्षणी ‘आज नाही’ म्हणायला फार मोठं धैर्य लागतं, आणि धैर्यावर सुरक्षितता सोपवणं योग्य नाही. तेच वाक्य दोन महिने आधी, शांत डोक्याने लिहिलेलं असेल तर पहाटे फक्त त्याचं पालन करायचं उरतं. आणि पालन करणारी व्यक्ती वेगळी असावी. जिच्या खिशातून पैसे जाणार नाहीत, जी सह्याद्री ओळखते, जिचं नाव पत्रकावर छापलेलं आहे आणि जिचा शब्द आयोजकालाही बांधील आहे. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुण्यातल्या संस्थांत अशी माणसं आहेत. त्यांना मानधन द्या आणि पूर्ण अधिकार द्या.

चीनमध्ये २२ मे २०२१ ला काय घडलं हे इथल्या प्रत्येक आयोजकाने मुळातून वाचावं असं मला वाटतं. गांसू प्रांतातल्या बाइयिनजवळ १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती, १७२ धावपटू. दुपारच्या सुमारास उंचावर गारा, बर्फगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. २१ जण मेले. लियांग जिंग हा चीनमधला अव्वल दर्जाचा लांब पल्ल्याचा धावपटू त्यांत होता, म्हणजे तयारी कमी पडली असं म्हणायला जागा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मध्ये सुमारे आठ किलोमीटरची आणि हजार मीटरची चढाई होती, तिथे गाडी जात नव्हती, मध्ये आसरा नव्हता. वारा अडवणारं जाकीट बाळगणं सक्तीचं नव्हतं, अनेकांनी ते पुढच्या थांब्यावर पाठवलेल्या पिशवीत ठेवलं होतं. सहा जणांना वाचवलं ते जू केमिंग नावाच्या मेंढपाळाने, गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून. नंतरच्या चौकशीत कारवाई आयोजकांवर झाली आणि स्थानिक अधिकाऱ्यांवरही.

आपल्याकडे इतकी थंडी नाही, असं यावर उत्तर मिळेल. थंडी कमी आहे, मान्य. पण त्या यादीतल्या बाकीच्या गोष्टी मोजून पाहा. दोन थांब्यांमधलं लांब, निर्मनुष्य अंतर, गाडी न पोचणारा चढ, ऐच्छिक जाकीट, बदललेलं हवामान दिसूनही न थांबलेली शर्यत. यातली कोणती आपल्याकडे नाही?

दुसरं उत्तर कायद्याचं मिळेल. धावपटू सज्ञान आहेत, त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याचं लिहून दिलं आहे. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. जर्मनीत १३ जुलै २००८ ला झुगश्पिट्झ या २,९६२ मीटरच्या शिखरावर चढणाऱ्या शर्यतीत हवा फिरली, बर्फ पडू लागलं, आणि हलक्या कपड्यांत धावणारे दोघे दगावले. आयोजकावर खटला झाला आणि न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. स्वतःचा धोका ओळखणं हे डोंगरात जाणाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि आम्ही धावपटूंनी ते मान्य करायलाच हवं. पण धोका ओळखायला माहिती लागते. वरच्या टप्प्यात आत्ता वारा किती आहे, ओढ्याला पाणी किती आहे, मागचे कोण परत फिरले, हे पायथ्याशी उभ्या असलेल्या धावपटूला ठाऊक नसतं. ते तुम्हाला ठाऊक असतं, किंवा असायला हवं. ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे निर्णय, एवढंच मी म्हणते. सहीचा कागद तुम्हाला न्यायालयात वाचवेलही, त्याने डोंगरावर कोणी वाचत नाही.

इंग्लंडमध्ये डोंगरी शर्यतींची परंपरा फार जुनी आहे आणि तिथलं धुकंही आपल्यासारखंच अचानक उतरणारं. तिथल्या स्पर्धांचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. सुरुवातीला किती निघाले ते मोजायचं, शेवटी किती परतले ते मोजायचं, आणि दोन्ही आकडे जुळल्याशिवाय कोणी मार्गावरून हलायचं नाही. शर्यत मध्येच सोडणाऱ्याने शेवटच्या रेषेपाशी येऊन सांगणं बंधनकारक असतं. न सांगता गाडीत बसून घरी जाणारा माणूस रात्रभर इतरांना डोंगरात शोधायला लावतो. अंगभर पावसाळी कपडे, शिट्टी, नकाशा, होकायंत्र, थोडं जादा खाणं हे तिथे हवामानानुसार सक्तीचं असतं आणि तपासलं जातं. फ्रान्समधल्या मोंब्लाँभोवतीच्या जगप्रसिद्ध शर्यतीने २०१० मध्ये मुख्य शर्यत सुरू झाल्यावर वाईट हवेमुळे थांबवली आणि २०१२ मध्ये सुमारे १७० किलोमीटरचा मार्ग सुमारे १०० वर आणला. वर्षभर तयारी करून जगभरातून आलेले लोक होते. त्या शर्यतीचं नाव त्यामुळे कमी झालेलं नाही.

पर्यायी मार्गाची सोय आपल्याकडेही होऊ शकते. २०१२ पासून होणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वर घाटाच्या डांबरी रस्त्यावर होते. तिथेही पाऊस असतो, ढग असतो, पण वाट चुकत नाही आणि रुग्णवाहिका पोचते. डोंगरी वाटेच्या प्रत्येक स्पर्धेने असा एखादा रस्त्याचा किंवा पायथ्याचा मार्ग आधी मोजून, परवानगी घेऊन तयार ठेवावा. आणि शुल्काचं धोरण बदलावं. ‘कोणत्याही कारणाने रद्द झाल्यास शुल्क परत मिळणार नाही’ ही अट आयोजकाला वाचवते, पण धावपटूला घाटाकडे ढकलते. पैसे गेलेच आहेत तर निदान धावून घेऊ, असा विचार होतो. पुढच्या वर्षीचा प्रवेश द्या, किंवा खर्च वजा करून काही भाग परत करा, पण आधी सांगा.

सामानाबद्दल थोडंच लिहिते. शिट्टी, अंग गुंडाळायची चकाकती पातळ चादर, टोपी असलेलं पावसाळी जाकीट, विजेरी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोन. जाकीट सोडलं तर यातलं काहीच महाग नाही. शिट्टी आणि चादर तुम्ही टी-शर्टच्या जागी देऊ शकता, आमच्या कपाटांत टी-शर्ट पुरेसे आहेत. पण जे सक्तीचं ठरवाल ते सुरुवातीच्या रेषेवर उघडून पाहा, आणि ज्याच्याकडे नसेल त्याला, तो गेल्या वर्षीचा विजेता असला तरी, सोडू नका. क्रमांक टिपायला पाण्यात न भिजणारा कागद आणि शिसपेन्सिल द्या. मोबाइलची रेंज घळीत जाते, म्हणून थांब्यांवर वॉकीटॉकी हवीच, आणि ती कुठून कुठे ऐकू येते ते आदल्या आठवड्यात चालून तपासलेलं हवं.

गावच्या लोकांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडी, घेरा सिंहगड, कल्याण इथल्या माणसांना ढगातही वाट सापडते. कुठला ओढा किती वेळात फुगतो, कुठल्या वळणावर दरवर्षी दगड येतात, हे त्यांना ठाऊक असतं. दही-ताक, झुणका-भाकरीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन भर पावसात गड चढणाऱ्या बायकांइतकी ती वाट कोणाला ठाऊक असणार? स्पर्धांमध्ये या लोकांना पाणी वाटायला, गाड्या लावायला उभं करतात. त्यांना मार्ग आखताना सोबत घ्या, धोक्याच्या टप्प्यांवर पूर्ण रोजगारावर नेमा, आणि त्यांच्यापैकी कोणी ‘आज वर सोडू नका’ म्हणालं तर ते म्हणणं वॉकीटॉकीवर थेट निर्णय घेणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोचेल अशी व्यवस्था करा.

वनविभाग आणि प्रशासनाला माझं सांगणं वेगळं आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर जिल्ह्यात पर्यटनस्थळांवर निर्बंध आले. त्या वेळची तातडी समजते. पण सरसकट बंदीने डोंगरात जाणारे थांबत नाहीत, ते नोंद न करता, रात्री, परवानगीशिवाय जाऊ लागतात आणि मग कोण वर आहे हेही कोणाला कळत नाही. परवानगी देताना आयोजकाकडून शर्यत थांबवण्याची लेखी योजना मागा: निकष, निर्णय घेणारी व्यक्ती, पर्यायी मार्ग, मोजणीची पद्धत, जवळचं रुग्णालय, बचाव पथकाशी आधी झालेलं बोलणं. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ पासून आहे. डोंगरी धावस्पर्धा त्याच्या कक्षेत कशा येतात आणि त्यांच्यासाठी किमान अटी कोणत्या, हे स्पष्ट शब्दांत काढा. पावसामुळे गड पर्यटकांना बंद ठेवाल त्या दिवशी तो स्पर्धकांनाही बंद असेल, हेही लिहा. आणि एक नोंदवही सुरू करा. वाट चुकलेले, घसरलेले, थंडीने गारठलेले, शर्यत संपल्यावर तासभर न सापडलेले, सगळ्यांची नोंद, नावं वगळून, दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. आज या गोष्टी फक्त आमच्या गप्पांत असतात आणि पुढच्या आयोजकापर्यंत पोचत नाहीत.

शेवटी, जे वर शोधायला जातात त्यांचाही जीव असतो. इरशाळवाडीला त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पाऊस-धुक्यामुळे हेलिकॉप्टर उतरू शकलं नाही. सगळी मदत पायी चढून गेली, आणि चढताना अग्निशमन दलातल्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सिंहगडावर तानाजी कड्याच्या बाजूने बेपत्ता झालेला तरुण काही दिवसांनी जिवंत सापडला, त्याआधी पाऊस आणि धुक्यात शोधपथकं कड्याखालची झाडी पिंजत होती. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि राज्यभरच्या बचाव समन्वय केंद्राशी जोडलेली अशी पथकं ही बहुतांशी आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळणारी स्वयंसेवक माणसं आहेत. ज्या शर्यतीचं शुल्क हजारांत आहे, तिने या पथकांच्या दोरांचा, हेल्मेटांचा, प्रशिक्षणाचा खर्च उचलायला हवा. प्रत्येक नोंदणीतला ठरावीक वाटा त्यांच्याकडे जावा, आणि तो किती हे पत्रकावर शुल्काशेजारीच छापावं.

कोथरूडमधल्या प्रशिक्षकांनाही या निमित्ताने विनंती आहे. तुमच्या मुलांना आठवड्याला किती किलोमीटर धावायचं ते तुम्ही शिकवता. परत कधी फिरायचं तेही शिकवा. शर्यत अर्धवट सोडून आलेल्याचा फोटो गटावर टाका आणि त्याचं नाव घेऊन कौतुक करा. पावसाळ्याआधी एकदा टेकडीवर सगळ्यांना भिजलेल्या अंगाने पंधरा मिनिटं वाऱ्यात बसवा, मग जाकिटाची चेन उघडायला सांगा.

या वर्षीच्या स्पर्धांची नोंदणी सुरू होण्याआधी तुमच्यापैकी प्रत्येकाने आपली थांबवण्याची योजना एका पानावर, मराठीत, जाहीर करावी. जी संस्था असं पान काढेल तिच्या स्पर्धेत मी नाव नोंदवीन, आणि धावायला जागा नसेल तर वरच्या थांब्यावर क्रमांक टिपायला उभी राहीन. जी काढणार नाही तिला आमच्या गटातर्फे हेच तीन प्रश्न लेखी विचारले जातील, आणि उत्तर येईपर्यंत आमच्याकडून त्या स्पर्धेचं पत्रक पुढे पाठवलं जाणार नाही.

कळावे,

आपली,
टेकडीवर धावणारी एक कोथरूडकर